नहारीत मांस किती, पीठ किती?

थंडी पडली की भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत नहारीची आठवण होते. रात्रपाळी करून निघालेल्या कारागिराला पहाटे गरम, पोटाला आधार देणारे काही हवे असते. मराठीतली न्याहारी आणि ही नहारी नात्याने बहिणीच. दिल्ली आणि लखनौ ही दोन्ही शहरे तिच्यावर हक्क सांगतात. त्या भांडणात आम्ही पडत नाही. आमची तक्रार वाडग्यातल्या रश्श्याबद्दल आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला भरदार लागते आणि पहिल्याच धुण्यात त्याची जाळी होते. हल्ली पुष्कळ ठिकाणची नहारी अशीच खळीची झाली आहे. मांस कुकरमध्ये घाईने उकडायचे, मैदा कालवून रस्सा घट्ट करायचा, वर लाल तेल सोडायचे. गरम आहे तोवर ठीक, पाच मिनिटांत लापशी! दाम मात्र डेगेच्या नहारीचे.

खरा घट्टपणा बोंगेतून येतो. बोंग म्हणजे जनावराच्या पायाच्या वरच्या भागाचे, पोटरीचे मांस. ते चिवट पडद्यांनी भरलेले असते, झटपट शिजवले तर दातांना दाद देत नाही. मंद आचेवर सहा-सात तास राहिले की हाच चिवटपणा विरघळून रश्श्यात उतरतो. ओठाला ओठ चिकटतो तो हा लेस. मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बोंग आता म्हशीची. जनावर वयस्क असेल तर आणखी तास-दोन तास द्यावेच लागतात. ज्या वर्षांत वेळ वाढवायला हवा होता, त्याच वर्षांत आमच्या भटारखान्यांनी तो कमी केला.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी प्रमाण सांगतो. एक किलो बोंग, चार नळ्या, अडीच लिटर पाणी. मसाल्यात बडीशेप आणि सुंठ पुढे, पिंपळी, जिरे, मोठी वेलची, लवंग, जायफळ, जावित्री मागे. आले-लसणावर मांस परतून पाणी घालावे, एक उकळी आली की आच अगदी मंद करून झाकणाच्या कडा कणकेने बंद कराव्यात. मांस शिजल्यावर वरचे तेल काढून ठेवावे. मग चार चमचे गव्हाचे पीठ भाजून, पाण्यात कालवून सोडावे आणि आणखी अर्धा तास ठेवावे, म्हणजे कच्चा वास जातो. काढलेले तेल शेवटी वरून. पीठ आम्हाला वर्ज्य नाही, पण एवढेच. कापडालाही थोडी खळ लागतेच.

भटारी बांधवांची अडचण आम्ही जाणतो. किलोभर मांस शिजून पाऊण किलोच्या आत येते, रात्रभर चूल जळते, एक माणूस जागा राहतो. गिऱ्हाईक मात्र मागच्या वर्षाच्या भावाचा आग्रह धरते. तरीही आमच्या मते भाव वाढवावा, पीठ वाढवू नये. ज्याला पूर्ण प्लेट परवडत नाही त्याला अर्धी द्यावी, नळीचे पैसे वेगळे लावावेत आणि तसे पाटीवर लिहावे. कुकरची नहारी विकायची असेल तर खुशाल विकावी, पण तिचा भाव कमी ठेवावा. कापडाच्या बाजारात आम्ही सुती आणि मिलावटी माल एका भावाने विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी थान परत आणते. नहारी परत आणता येत नाही, एवढ्यावरच हा धंदा चालू आहे.

एका मोठ्या डेगेला जेवढे जळण लागते, त्याहून दोन लहान डेगांना जास्त लागते. तेव्हा मोहल्ल्यातल्या दोघा-तिघांनी थंडीचे तीन महिने एकच डेग लावून माल वाटून घ्यायला काय हरकत आहे? सायझिंगचा खर्च परवडत नाही तेव्हा लहान मागवाले एकाच ठिकाणी बीम भरून घेतातच ना! डेग सकाळी नऊला संपली तर संपली. उशिरा येणाऱ्याने रात्रीच सांगून ठेवावे.