चोपदाराचा दंड आणि वर्गातील छडी

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळाशाळांतून बालदिन साजरा होत असताना वसई परिसरातील एका शाळेतील सहावीच्या विद्यार्थिनीचे मुंबईच्या रुग्णालयात निधन झाले. शाळेत उशिरा आली म्हणून काही दिवसांपूर्वी तिला पाठीवरील दप्तरासह शंभर उठाबशा काढावयास लावल्या, असा कुटुंबीयांचा आरोप होता. शिक्षिकेला अटक झाली. त्याच वर्षी जून महिन्यात, पंढरपूरपासून फार दूर नसलेल्या आटपाडी तालुक्यातील नेलकरंजी येथे, वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून झालेल्या मारहाणीत एक मुलगी दगावली. मारहाणीचा आरोप तिच्या वडिलांवर आला, आणि ते पेशाने शिक्षक होते. कायदेशीर दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक प्रश्न टाळता येत नाही : शिस्त या नावाखाली आपण मुलांना नेमके काय देत आहोत?

कायदा काय सांगतो?

कायद्याच्या बाजूने संदिग्धता उरलेली नाही. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द ठरविली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते आणि नियम मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई सुचविते. म्हणजे छडी जितकी निषिद्ध, तितकेच वर्गासमोर मुलाच्या गरिबीवर, जातीवर किंवा मंदपणावर केलेले शेरेही निषिद्ध आहेत.

तरीही वास्तव काय होते? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांत झालेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या प्रत्येक तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले. त्यांतील ६२ टक्के प्रकार सरकारी व नगरपालिकांच्या शाळांतील होते. मारहाणीपेक्षाही अंतर्मुख करणारी बाब अशी की, बहुतेक मुलांनी आपल्यावरील अत्याचाराविषयी कोणाजवळही वाच्यता केली नव्हती.

शिक्षकांची बाजू

येथे शिक्षकांचे म्हणणेही ऐकावयास हवे. छडी गेली, नापास करण्याचा धाक बराच काळ नव्हता, मग वर्ग सांभाळायचा कसा, असे ते विचारतात. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक लहान शाळांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत शिकवितो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले आहे. तोच कायदा जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादण्यास मनाई करतो. तरी नोंदी, अहवाल व छायाचित्रे पाठविण्यात त्यांचा दिवस सरतो. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. म्हणून शिक्षकाला केवळ कारवाईचा धाक दाखविणारी व्यवस्था शेवटी छडीचेच तत्त्वज्ञान राबविते. फरक इतकाच की आता छडी वरच्या अधिकाऱ्याच्या हाती असते.

मात्र या अडचणींमुळे मारहाण समर्थनीय ठरत नाही. भीतीने वर्ग शांत होतो, हे खरे. पण ज्या वर्गात मूल चुकीचे उत्तर देण्यास भिते, त्या वर्गात ते आपल्यावर होणारा अन्याय सांगण्यासही भिते. शिस्त आणि सुरक्षितता हे दोन निराळे विषय नसून एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत, हे येथे स्पष्ट होते.

बदलापूरचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराने हेच सिद्ध केले. पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला संतप्त जमाव रेल्वे रुळांवर उतरला, तेव्हा कोठे राज्य जागे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा असा गुन्हा समजताच तो कळविणे प्रत्येकावर बंधनकारक करतो आणि मौन पाळणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद करतो. तरीही संस्थेच्या नावलौकिकाची चिंता मुलांच्या चिंतेपेक्षा मोठी ठरते, हा अनुभव जुनाच आहे.

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांवर भर दिला. हे उपाय आवश्यक आहेत. पण कॅमेरा पाहतो, तो विचारपूस करीत नाही. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगली, तर तिच्यात चिठ्ठी टाकण्याचे धैर्य कोणते मूल करील? आणि ती उघडतो कोण, कधी, कोणाच्या साक्षीने?

पंढरीची वाट

या प्रश्नांचे एक उत्तर पंढरपूरच्या वाटेवरच सापडते. आषाढी वारीत लाखो माणसे शेकडो दिंड्यांतून दिवसेंदिवस चालतात. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, प्रत्येक मुक्कामाची वेळ ठरलेली. ही शिस्त कोणाला मारून आलेली नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या जमतात. चोपदार आपला दंड उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा गजर क्षणात थांबतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि त्यानंतरच आरती सुरू होते.

आपल्या शाळांनी ही रीत मनावर घ्यावी. दंड येथेही आहे, पण तो पाठीवर पडण्यासाठी नाही. शांतता करून, ज्याचे दुखते त्याचे ऐकून घेण्यासाठी आहे. वाजत राहिलेला टाळ हा बेशिस्तीचा नव्हे, विश्वासाचा आवाज असतो.

याच पंढरपुरात साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण करून विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडविले. ते मुळात शिक्षक होते. अमळनेरच्या छात्रालयात मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेल्या खोल्या ते स्वतः आवरीत. न बोलता शिकविलेली ती शिस्त मुले विसरली नाहीत. आणि अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवून गेले. त्यांचे नाव झाले ते पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे आणि मुलींना शाळेत टिकवून ठेवल्यामुळे.

आपली जबाबदारी

ख्रिस्ती शाळा चालविणाऱ्यांनाही हा आरसा आहे. संत जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती मांडली. मुलाने चूक करण्याची वाट पाहून शिक्षा करण्यापेक्षा त्याच्या सोबत राहून चूक टाळावी, हा तिचा गाभा. दुसरीकडे, अत्याचारांवर पांघरूण घालण्याची किती जबर किंमत मोजावी लागते, हेही ख्रिस्तसभेने जगभर अनुभवले आहे. म्हणूनच २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले आणि प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था असावी, असा आदेश दिला.

काय करता येईल? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत कायद्यानेच आहे. त्यांनी दरमहा तक्रारपेटी आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक शाळेत मुलांनी स्वतः निवडलेली, त्यांच्या विश्वासाची एक मोठी व्यक्ती असावी. शिक्षक प्रशिक्षणात वर्ग हाताळण्याचे कौशल्य शिकविले जावे, आणि रिक्त जागा भरण्याची मागणी शिक्षकांइतकीच पालकांनीही करावी. “सर, हवे तर मारा, पण पोरगं सुधारा,” असे सांगून मूल शाळेत सोडणाऱ्या आईबापांनी हे वाक्य कायमचे विसरावे, कारण मारण्याचा परवाना बहुधा घरूनच दिला जातो.

आपल्या गावच्या शाळेत एखादा टाळ वाजत राहिला आहे काय, हे थांबून ऐकणे एवढे तरी आपल्यातील प्रत्येकाच्या हाती आहे.