कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

हिंगोली जिल्ह्यात व्यायामाचा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं: "दिवसभर रानात राबणाऱ्याला कशाला हवा व्यायाम?" भरतीची तयारी करणारी पोरं म्हणतात, "आम्ही रोज पळतो, तेवढं पुरे." ही दोन्ही मतं मला साफ अमान्य आहेत.

शेतकऱ्याइतकं अंग झिजवणारं दुसरं कोणी नाही, हे मान्यच. पण झिजवल्याने अंग घडतंच असं नाही. सोयाबीन काढणाऱ्या बाईकडे नीट बघा. कंबर वाकलेली, उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत झाडं. तासन् तास तेच. कंबर आणि उजवं मनगट यांवर सगळा ताण. हात डोक्यावर जात नाहीत, पाठ मागे ताणली जात नाही. वसमतच्या बाजारात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाची ताकद अफाट, पण तिचाही भार रोज त्याच मणक्यांवर. शिवाय पेरणी आणि मळणी यंत्रावर गेली, रानात पायी जाणारा आता मोटारसायकलवर जातो. आजोबांच्या कष्टाचा दाखला नातवाने देण्यात अर्थ नाही.

आता भरतीचं. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच असल्याने वर्दीची ओढ इथे मोठी आहे आणि ती रास्तही आहे. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पण गुणांची तयारी म्हणजे तब्येतीची बांधणी नव्हे. डांबरी रस्त्यावर रोज जीव तोडून पळायचं, नडगी ठणकली तरी थांबायचं नाही आणि निवड यादी लागली की बूट कोपऱ्यात टाकायचे. चाचणी एका सकाळची असते, गुडघे मात्र जन्मभर वापरायचे असतात.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं माप सोपं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालायचं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगाने. दोन दिवस जोर, बैठका आणि बारला लटकून अंग वर ओढणं. शेवटी खांदे, पाठ, मांड्या सावकाश ताणायच्या. पळणाऱ्याने मातीवर पळावं, अंतर हळूहळू वाढवावं आणि आठवड्यातून एक दिवस पायांना आराम द्यावा. सुगीत राबणाऱ्याने चालणं सोडलं तरी चालेल, अंग ताणणं सोडू नये. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत सगळं आटोपावं. महागडी पावडर लागत नाही. भाकरीबरोबर तुरीचं वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध पोटभर असावं.

एक अडचण मात्र खरी आहे: वेळ. तीही सगळ्यात जास्त बाईची. रान, चूल आणि पाणी यांतून तिला अर्धा तास उरत नाही, म्हणून तो घरातल्या पुरुषांनी काम वाटून घेऊन काढून द्यावा. गावाने शाळेचं मैदान पहाटे आणि सांजेला उघडं ठेवावं, तिथे दिवा लावावा. एवढं झालं की 'वेळ नाही' ही सबबही उरत नाही.