इंदूरचे ड्राफ्ट्समन दीनदयाळ

इंदूरच्या कलेचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा १९२७ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी द. दा. देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर तिथेच शिकले. देवळालीकरांचा मान मोठाच आहे. तरीही हा इतिहास साठ वर्षे मागे, बांधकाम खात्यातल्या एका ड्राफ्ट्समनच्या टेबलापर्यंत न्यायला हवा.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला नोकरीला लागले. नकाशे काढायचे आणि बांधकामाच्या खर्चाचे अंदाज मांडायचे, हे काम. कॅमेरा त्यांनी १८७४ च्या सुमारास हाती घेतला तो इथेच. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले इंग्रज सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले.

पुढे डेली यांच्या जागी आलेल्या लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारत फिरले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, सांची इथली त्यांची छायाचित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात आली. ती पाहताना नकाशे काढणारा हात ओळखू येतो. उंच इमारतीसमोर कॅमेरा वर कलवला की भिंती आत झुकलेल्या दिसतात. दीनदयाळांच्या भिंती ओळंब्यात उभ्या असतात. तटबंदीची उंची कळावी अशी जागा ते नेमकी निवडतात. दगडाचा थर न् थर उठून दिसेल असे ऊन गाठतात. सांचीला पुरातत्त्व खात्याचे जॉन मार्शल यांचे मोठे काम १९१२ मध्ये सुरू झाले. त्याआधीचा तो परिसर दीनदयाळांच्या छायाचित्रांत उतरलेला आहे, आणि जतनाच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे.

लोकांना आठवतात ते मात्र हैदराबादचे दीनदयाळ. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, ‘राजा मुसव्विर जंग’ किताबाचे धनी, सिकंदराबाद आणि मुंबईतल्या स्टुडिओंचे मालक. महाल, शिकारी, लष्करी कवायती, व्हाइसरॉयचे दौरे, सरदारांच्या तसबिरी असे सगळे त्यांनी टिपले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ मध्ये वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती सोपवला. निजामाच्या राज्यातली दुष्काळी कामेही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आली, त्यात औरंगाबाद जिल्ह्यातली होती. शाही थाटापेक्षा ही चित्रे मराठी माणसाने आधी पाहावीत. त्या काळच्या मराठवाड्यातल्या कष्टकऱ्यांचे असे दर्शन फार थोड्या ठिकाणी घडते.

दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या तिथेच सुरक्षित राहोत. इंदूरला हव्यात त्यांच्या उत्तम प्रती, कायमच्या, लालबाग राजवाड्याच्या एखाद्या दालनात किंवा केंद्रीय संग्रहालयात, मराठी-हिंदी माहितीसह. राज्य सरकारने आणि महापालिकेने दिल्लीकडे ही मागणी करावी. शहरातल्या मराठी संस्थांनी तिचा पाठपुरावा करावा. सुरुवातीला ओरछा, सांची आणि औरंगाबादची दुष्काळी कामे, एवढी चित्रे आली तरी चालतील. वास्तुकला आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलांना ती जवळून, भिंग लावून पाहता आली पाहिजेत.