दार लावणारेच विचारतात, आंत कोणी कां नाहीं?



ज्याला शाळेंत शिरूं द्यावयाचें नाहीं, त्यालाच पुढें अक्कलशून्य म्हणून हिणवावयाचें, ही लबाडी एकट्या आपल्याच देशांतली नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें, कारण त्यांनीं काळ्या लोकांना दास्यांतून सोडविलें होतें. बेडी तुटली खरी. पण विद्येच्या दाराचें कुलूप तुटलें काय?

स्कॉट जॉप्लिनचें पहा. बाप गुलामींत जन्मलेला, आई परक्यांच्या घरीं राबणारी. एका जर्मन शिक्षकानें पैसा न घेतां त्याला संगीत शिकविलें. पुढें त्यानें 'ट्रीमोनिशा' नांवाचें संगीत नाटक रचून १९११ सालीं स्वखर्चानें छापलें. त्यांत शिकलेली एक काळी मुलगी नशिबाच्या पिशव्या विकणाऱ्या भोंदू मांत्रिकांशीं झगडते, आणि लोक तिलाच पुढारी करतात. असें नाटक रंगभूमीवर आणण्यास एकही धनिक पुढें आला नाहीं! १९१५ सालीं पडदे नाहींत, वाद्यवृंद नाहीं, अशा स्थितींत जॉप्लिननें एकट्या पियानोवर तें करून दाखविलें. १९१७ सालीं तो वारला. पुरें नाटक रंगभूमीवर आलें १९७२ सालीं, अटलांटा शहरीं.

दुसरी फ्लॉरेन्स प्राइस, जन्म १८८७, गांव लिटल रॉक. १५ जून १९३३ रोजीं शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदानें तिची सिंफनी वाजविली. काळ्या स्त्रीला हा मान पूर्वीं कधीं मिळाला नव्हता. पण १९४३ सालीं बोस्टनचे संगीतसंचालक कुसेवित्स्की यांना तिला लिहावें लागलें कीं, मी स्त्री आहें व काळी आहें हें बाजूला ठेवून फक्त काम तपासा. त्यांनीं तिची रचना वाजविली नाहीं. १९५३ सालीं ती गेली. २००९ सालीं इलिनॉय प्रांतांतल्या एका पडक्या घरांत तिचीं हस्तलिखितें सांपडलीं. त्यांत चौथी सिंफनी होती, व्हायोलिनच्या दोन मोठ्या रचना होत्या!

कोणी शहाणा म्हणेल, गुण असेल तर तो आपोआप वर येतो. साफ खोटें! पोवाडा एका डफावर उभा राहतो. सिंफनीला ऐंशीनव्वद वादक, मोठें सभागृह आणि पैसा लागतो. हें सारें ज्याच्या हातीं, त्याच्या मर्जीवर रचना जगते किंवा मरते. बीं कितीही कसदार असलें तरी कणगींत कोंडलें तर उगवेल कसें?

दुसरा शहाणा गोड बोलून म्हणतो, काळ्यांच्या रक्तांतच गाणें असतें. बंधूंनो, ही स्तुति नव्हे, ही चोरी आहे! प्राइसबाईंनीं बोस्टनच्या संगीतशाळेंत रीतसर अभ्यास करून १९०६ सालीं पदवी घेतली. ती मेहनत रक्ताच्या खात्यावर कां लिहितां?

म्हणून वर्षांतून एकदां हार घालून या लोकांना पुन्हां फळीवर ठेवूं नये. त्यांच्या रचना दर हंगामांत वाजवाव्या, हस्तलिखितें छापावीं, मुलांना शिकवाव्या. मेल्यावर मिळालेल्या मानानें जिवंतपणीं लावलेलें दार उघडत नाहीं. आज जो कोणी दारांत उभा आहे, त्याला आजच आंत घ्या!

— एक शाळामास्तर