हॉलमधली हिरवी टाकी

गेल्या वर्षी रमजान ईदच्या आदल्या रात्री मी एक चूक केली. शीरखुर्म्याची तयारी आटोपली होती, पडदे बदलून झाले होते, आणि सकाळपासून माणसे येणार होती. सगळे घर लख्ख, फक्त हॉलमधली फिश टँक हिरवीगार. धाकट्याने दीड वर्ष जपलेली ती खाऱ्या पाण्याची टाकी. आतल्या खडकांवर बोटभर लांब हिरवे केस वाढले होते. मऊ प्रवाळाचे दोन गुच्छ त्यात बुडून गेले होते. मला लाज वाटली. धाकटा झोपल्यावर मी शेवाळ मारण्याच्या औषधाची बाटली काढली, झाकणात मोजले आणि ओतले.

बाटलीवरची बारीक अक्षरे मी वाचली नव्हती. औषध गोड्या पाण्याच्या टाकीचे होते आणि त्यात तांबे होते. तांब्याने शेवाळ मरते, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या जिवांनाही ते विष असते. सकाळी नमाजला जाण्याआधी धाकट्याने टाकीतला दिवा लावला. पांढऱ्या पट्ट्यांची लाल कोळंबी आडवी पडली होती. सात गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उलट्या झाल्या होत्या. तो काही बोलला नाही. नवे कपडे घालून बापाबरोबर ईदगाहला गेला. तो ओरडला असता तर मला बरे वाटले असते.

पुढे जे झाले ते आणखी शिकवणारे होते. मेलेले जीव सगळे हाती लागले नाहीत. जे खडकाच्या फटीत कुजले त्यांचे पाण्यात खत झाले. तीन आठवड्यांत शेवाळ पहिल्यापेक्षा दाट उगवले, आणि आता ते खाणाऱ्या गोगलगायीही नव्हत्या.

आमच्या आळीतली एक मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिला बोलावले. मला वाटले ती दुसरे औषध सांगेल. तिने टाकीकडे नीट पाहिलेही नाही, आधी विचारले, "काकी, पाणी कुठले घालता?"

खरी गोष्ट इथून सुरू होते. शेवाळाला प्रकाश लागतो आणि खत लागते. खत म्हणजे मुख्यतः नायट्रेट आणि फॉस्फेट. ही दोन्ही टाकीत आपणच आणतो: पाण्यातून, माशांच्या खाण्यातून, कधी दगडातून. म्हणून शेवाळ उपटत बसण्याआधी ते काय खाऊन वाढते हे शोधायचे असते.

आमच्याकडे पाणी तीन प्रकारचे जात होते. नळाचे, विहिरीचे आणि समुद्राचे. रत्नागिरीत राहून समुद्राचे पाणी विकत कशाला करायचे, असे आम्हाला वाटे. धाकटा आणि त्याचे मित्र मांडवीहून कॅन भरून आणत. पण जेटीजवळच्या पाण्यात होड्यांचे डिझेल असते, गटारांचा निचरा असतो. पावसाळ्यात खाड्यांचे गढूळ पाणी येऊन समुद्राचा खारटपणा उतरतो आणि शेतातले, बागांतले खतही त्याबरोबर येते. शिवाय पाऊसकाळात अरबी समुद्राच्या तळाकडचे पोषक पाणी वर येते. माशांच्या पैदाशीला ते फार चांगले, पण दोन-अडीचशे लिटरच्या काचेच्या टाकीला झेपत नाही.

दुसरी चूक आणखी साधी. एप्रिल-मेमध्ये आमच्या टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाई, आणि ती तूट आम्ही समुद्राच्या पाण्याने भरत होतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. खाऱ्यात खारे घालत गेल्यावर टाकी समुद्रापेक्षा खारट झाली होती. उडालेले पाणी नेहमी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायचे. प्रवाळाच्या टाकीचा खारटपणा लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास राहायला हवा. घनता मोजणाऱ्या साधनावर तो 1.025 ते 1.026 दिसतो.

"मग पिण्याच्या फिल्टरचे पाणी घालू?" मी विचारले. तिने विरघळलेले क्षार मोजणारा पेनसारखा टीडीएस मीटर आमच्या फिल्टरच्या नळाखाली धरला. आकडा 60 आला. घरच्या बऱ्याच आरओ फिल्टरमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. माणसाला ते बरे, शेवाळालाही बरे. टाकीसाठी आरओनंतर आणखी एक रेझिनची नळी लावतात, तिच्यातून आलेल्या पाण्याचा आकडा शून्य दिसायला हवा. मीटर काही शे रुपयांत मिळतो. या छंदात सगळ्यात आधी तोच घ्यावा, माशाच्याही आधी.

दुसरा प्रश्न खाण्याचा. सुट्टीत घरात पाच-सहा मुले. प्रत्येकाला माशांना खायला घालायचे असते, आणि मासे काही नको म्हणत नाहीत. जे खाल्ले नाही ते कुजते, जे खाल्ले तेही शेवटी पाण्यातच येते. आता दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. गोठवलेले खाणे असेल तर ते वितळल्यावर चहाच्या गाळणीत धुऊन घ्यायचे. त्या विरघळलेल्या पाण्यात फॉस्फेट भरपूर असते. डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

तिसरा प्रकाशाचा. मामूंनी दुबईहून आणून दिलेला दिवा चांगला होता, पण तो सकाळी सातला लागायचा तो रात्री अकराला बंद व्हायचा, कारण पाहुण्यांना दाखवायला शोभून दिसे. आता टायमर लावून 8 तास. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन पडद्याने अडवले.

आता शेवाळाचे प्रकार, कारण सगळ्यांवर एक उपाय चालत नाही.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर, वाळूवर तपकिरी पूड बसते. ते डायटम. त्यांना सिलिका लागते. बहुतेक वेळा ती संपली की ते आपोआप जातात. पुसावे आणि वाट पाहावी.

लांब हिरवे केस, आमच्याकडे होते ते. हाताने उपटून निघतात, आणि पाणी सुधारले की हरतात.

मण्यांसारखे हिरवे चकचकीत फुगे. हे टाकीत फोडू नयेत, फुटले की पसरतात. खडक बाहेर काढून अलगद सोडवावेत.

लालसर-जांभळी साय, जी चादरीसारखी उचलली जाते. हे खरे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. नळीने ओढून काढावेत, पाण्याचा प्रवाह वाढवावा, लागल्यास तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवावी.

शेवटचा तपकिरी, शेंबडासारखा, आत बुडबुडे धरणारा थर. हा डायनोफ्लॅजेलेटचा असू शकतो आणि त्याचे गणित उलटे आहे. पाण्यातले खत अगदी शून्यावर आणले की तो माजतो. म्हणून नायट्रेट, फॉस्फेट संपवायचे नसतात, बेताने ठेवायचे असतात. प्रवाळ पाळणारे बहुतेक जण नायट्रेट लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम इतके ठेवतात.

इथे एक फसगत सांगते. आम्ही चाचणी केली तर फॉस्फेट शून्य! धाकटा म्हणाला, "अम्मी, पाणी तर साफ आहे." पण शून्य होते ते शेवाळाने खाऊन टाकले होते म्हणून. रिकामे ताट पाहून जेवण झालेच नाही असे म्हणण्यासारखे ते. त्यात खडक फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झाले की हळूहळू परत सोडतात. त्यामुळे सगळे नीट करूनही पहिले महिना-दीड महिना काहीच फरक दिसत नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळून बाटली उघडतात.

आम्ही केले ते असे. आधी पाण्यातले तांबे काढायला सक्रिय कोळसा घातला आणि पाणी बदलत राहिलो. चाचणीत तांबे दिसेनासे होईपर्यंत नवी गोगलगाय आणली नाही. दर जुम्याला संध्याकाळी 25 लिटर पाणी, म्हणजे टाकीचा दहावा हिस्सा, बदलू लागलो. शुद्ध पाण्यात साधारण 900 ग्रॅम सागरी मीठ घालून पंपाने एक दिवस ढवळायचे. जेवणातले मीठ चालत नाही, त्यात प्रवाळाला लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम नसते. पाणी काढतानाच शेवाळ उपटायचे. टाकीतले पंप बंद, एका हातात नळी, दुसऱ्या हाताने केस ओढायचे, म्हणजे तुकडे तरंगत जाऊन दुसरीकडे रुजत नाहीत. फार माखलेला दगड काढलेल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासायचा. नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

मग टाकीखाली एक छोटी टाकी जोडली आणि तिच्यात शेवाळच लावले! त्याला किटोमॉर्फा म्हणतात, नायलॉनच्या जाळ्याच्या गुंत्यासारखे दिसते. वरचा दिवा बंद झाला की रात्री खालचा लागतो. वरच्या शेवाळाला मिळणारे खत हे खाते, आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर काढून टाकले की तेवढे खत घराबाहेर जाते. आम्ही ते धुऊन माडाच्या बुडात घालतो.

गोगलगायी शेवटी आल्या, चौथ्या महिन्यात. त्या लहान शेवाळ चरतात. बोटभर वाढलेले जंगल त्यांच्याने आवरत नाही, ते आधी आपण काढायचे.

चरणाऱ्यांची किंमत काय असते हे समुद्रानेच एकदा दाखवले आहे. कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांचे सागरी अर्चिन प्रवाळावरचे शेवाळ खात. 1983-84 मध्ये रोगाने त्यातले बहुतेक सगळे मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे मासेमारीने आधीच संपत आले होते. तिथल्या प्रवाळाचे आच्छादन 1970 च्या दशकात निम्म्याच्या आसपास होते. ते 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 3 टक्क्यांवर आले, आणि शेवाळ 4 टक्क्यांवरून 92 टक्क्यांवर गेले. एवढ्या समुद्राचे असे होते, तर हॉलमधल्या टाकीचे काय!

एक गोष्ट कळकळीने सांगते. टाकी उघडी-बोडकी दिसते म्हणून मुले ओहोटीला कातळावर जातात आणि दगड, प्रवाळ उचलून आणतात. रत्नागिरीच्या आणि मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर जिवंत कठीण प्रवाळ आहेत. 2001 पासून कठीण प्रवाळ, सागरी पंखे आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. शिक्षा 3 ते 7 वर्षे तुरुंगवासाची आहे. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्यच आहे. मामू प्रेमाने म्हणाले होते, "बॅगेत दोन तुकडे घेऊन येतो." परवान्याशिवाय प्रवाळ देशाबाहेरून आणणे हाही गुन्हाच. दिवा आणा, पंप आणा, प्रवाळ नको, असे मी स्पष्ट सांगितले. मुलांना समुद्रातले जीव दाखवायचे असतील तर झाडगावला 1958 साली सुरू झालेले सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथले मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा पाहायला एक दुपार काढा.

या ईदला टाकी कशी होती? मागच्या काचेवर हिरवे होतेच. ते आम्ही मुद्दाम ठेवले आहे, गोगलगायींना चरायला. मऊ प्रवाळाचा एक गुच्छ वाचला, दुसरा गेला. आदल्या रात्री धाकट्याने स्वतःच विचारले, "अम्मी, लोक येणार आहेत, काच पुसू का?" मी म्हटले, समोरची पूस, मागची राहू दे. मग आम्ही दोघांनी मिळून पुसली. त्या बाटलीचा विषय त्याने वर्षभरात एकदाही काढला नाही. मीच त्या रात्री काढला, आणि माफी मागितली. तो म्हणाला, "ते झाले. पण पुढच्या वेळी मला उठव."

तुमच्या घरी अशी टाकी असेल आणि ती हिरवी झाली असेल, तर आज बाजारात जाऊ नका. दिव्याला टायमर लावा, खाण्याचा डबा उंच ठेवा, आणि एक वही करा. पाणी किती बदलले, आकडे किती आले, शेवाळ किती उपटले, ते तारीखवार लिहा. आठ आठवड्यांनी पहिले पान उघडा.