आयरिसच्या वाफ्यातलं तण



फुलझाडांतल्या तणाला औषध की खुरपं, यावरून आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडले आहेत. लेकीकडे न्यू जर्सीत अंगणाच्या कडेला आयरिसचा लांब वाफा आहे. मे महिन्यात जांभळी फुलं येतात, पण आता त्यात गवतच जास्त झालंय. जावईबापू म्हणतात, फवारा मारू, नाहीतर वाफाच काढून हिरवळ करू. लेक म्हणते, लाकडाच्या ढलप्या पसरू. दोघंही दिवसभर नोकरीत, त्यांनी सोपा उपाय शोधला तर नवल नाही. पण माझं मत तिसरंच आहे, आणि ते इथे मांडते.

आधी ढलप्या. आयरिसचा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा वाढतो. आमच्या सांगलीकडे हळदीला मातीची भर देतात, इथे नेमकं उलट! या कंदाची पाठ उघडी, उन्हात हवी. त्यावर ओलं आच्छादन राहिलं की कंद मऊ पडून कुजतो. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत ढलप्या खुशाल टाका, कंदावर नको.

आता फवारा. बागेत सर्रास वापरलं गेलेलं ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मत तसं नाही. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझी अडचण साधी आहे. हे औषध पानातून शिरून मुळापर्यंत जातं, आणि आयरिसची तलवारीसारखी पानं नि गवताची पाती एकमेकांत गुंतलेली असतात. फवारा आपलं-परकं कसं ओळखणार?

म्हणून खुरपं. पण तेही तण ओळखून चालवायला हवं. क्रॅबग्रास एका हंगामाचं गवत. थंडीत मरतं, पण त्याआधी भरपूर बी टाकून जातं. ते बी धरण्याआधी उपटलं की निम्मं काम झालं. डँडेलियनचं मूळ गाजरासारखं खोल जातं, ते पावसानंतर माती ओली असताना अख्खं काढावं. खरी डोकेदुखी क्वॅकग्रासची. आपल्या हरळीचाच हा भाऊ म्हणा ना! जमिनीखालून पांढरे टोकदार धागे पसरतात, कंदांच्या मधून घुसतात, आणि तुटलेल्या तुकड्यातूनही पुन्हा उगवतात.

त्याला वरवर खुरपून उपयोग नाही. आयरिसचे गड्डे तसेही तीन-चार वर्षांनी वेगळे करावे लागतात. तेव्हा फुलं संपल्यावर, जुलै-ऑगस्टात सगळे गड्डे उचलायचे, मातीतला एकेक पांढरा धागा वेचायचा आणि चांगले कंद फूटभर अंतरावर पुन्हा लावायचे. एरवी मात्र खोल खणू नये. आयरिसची मुळं वरच्या थरातच असतात, शिवाय खालचं झोपलेलं बी उजेडात येऊन नवं तण उगवतं.

हे करायला वेळ कुणाकडे आहे, असं घरात विचारतात. अहो, आमच्याकडे आहे ना! आमच्यासारखे आईवडील सहा-सहा महिने येतात आणि सोफ्यावर बसून असतात. "आई, तू आराम कर" हे मायेनेच म्हणतात, पण आरामाचाही कंटाळा येतो हो. एक बुटकं स्टूल आणि खुरपं द्या, सकाळची वीस मिनिटं पुरतात. सत्तरी उलटलेल्या गुडघ्यांनाही तेवढं झेपतं. नातू शेजारी बसला तर त्याला गवत आणि आयरिस यांतला फरक कळतो. फवारलेल्या वाफ्याशेजारी त्याला बसवायला माझं मन धजणार नाही.

तेव्हा माझी मागणी एवढीच, की यंदा जुलैअखेर वाफा उकरू आणि पुढचा एक मे महिना बघू. तरीही गवतच जिंकलं तर खुशाल हिरवळ करा, मी तक्रार करणार नाही.

तुमच्या बागेत तुम्ही काय करता? जरूर कळवा.