आधी तबकडी, मग पिन

नवी मुंबईत २०२४ मध्ये समन्वी डिजिमीडिया या कंपनीने रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू केला. कोलकात्याजवळच्या दमदमचा एचएमव्हीचा जुना कारखाना थंडावल्यानंतर वर्षानुवर्षं परदेशातून छापून आणावी लागणारी तबकडी आता पुन्हा आपल्या दाराशी निघू लागली आहे. ही आनंदाचीच गोष्ट. पण तबकडीबरोबर तिच्याभोवतीच्या श्रद्धाही परत आल्या. वाशी-नेरूळ-खारघरमध्ये ज्यांच्या दिवाणखान्यात टर्नटेबल आहे, त्यांच्यात सध्या दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, टर्नटेबलच्या कंपनीने दिलेला आर्म आणि कार्ट्रिज ही फक्त सुरुवात. वायर बदला, काउंटरवेट बदला, महागडं कार्ट्रिज लावा, तेव्हा कुठे गाणं ऐकू येईल. दुसरा म्हणतो, इंजिनिअरांनी जे बसवलं त्याला हात लावणं हाच आगाऊपणा. माझ्या मते दोघंही चुकतात, आणि एकाच ठिकाणी चुकतात: आपल्याकडच्या रेकॉर्ड कोणत्या, हा प्रश्न दोघंही विचारत नाहीत.

पहिल्या पंथाचा पहिला दावा घेऊ. कार्ट्रिज जितकं महाग तितका आवाज चांगला. हे खरं असतं, जर कार्ट्रिज एकटं वाजत असतं तर. कार्ट्रिजमधली सुई एका बारीक काडीच्या टोकाला असते, काडी रबराच्या बुचात रुतलेली असते आणि हे सगळं आर्मच्या वजनाला टांगलेलं असतं. स्प्रिंगला वजन लावलं की तिची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते, तसंच इथेही होतं. हिशेब शाळकरी आहे. आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यायला हवं. त्याहून खाली गेलं तर माळ्यावर तापून वाकलेल्या तबकडीचे हेलकावे आर्मला झुलवतात. फार वर गेलं तर ते गाण्यातल्या खर्जाच्या अंगाशी येतं.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलचं उदाहरण घ्या. हेडशेलसह, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसतं त्या पुढच्या भागासह, आर्मचं परिणामी वजन १२ ग्रॅम. त्यावर ७.२ ग्रॅमचं ऑर्टोफोन टूएम रेड, स्क्रू धरून एकूण २०. लवचीकताही २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जेमतेम ८ हर्ट्झ. काठावर पास. आता याच आर्मला कुणी ‘भारदस्त आवाजासाठी’ चार ग्रॅम जड हेडशेल लावलं, की उत्तर सव्वासातवर येतं. पैसे खर्च करून माणूस नापास होतो.

हाच खटाटोप डेनॉनच्या डीएल-१०३ बाबत केला तर गोष्ट उलटते. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात घडवलेलं हे कार्ट्रिज साडेआठ ग्रॅमचं आहे आणि त्याची काडी ताठ आहे. कागदावर लवचीकता ५ छापलेली असते, पण ती १०० हर्ट्झला मोजलेली. १० हर्ट्झच्या हिशेबाला ती साधारण ९ धरतात. त्याच टेक्निक्सवर उत्तर साडेअकराच्या आसपास येतं. चार ग्रॅम वाढवले की साडेदहा, म्हणजे पट्ट्याच्या मधोमध. वजन तेच, आर्म तोच. एका कार्ट्रिजला ते घातक, दुसऱ्याला हितकारक. मग ‘जड हेडशेल चांगलं की वाईट’ या वादाला अर्थ काय उरला?

ज्यांच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांना हेडवर नाणं ठेवण्याची रीत आठवत असेल. पिन उडाली की ठेव नाणं. आज कुणी २०११ च्या मालिकेतला एक रुपया ठेवला, तर त्याचं वजन ३.७९ ग्रॅम. सुईचा तबकडीवरचा भार पावणेदोन ग्रॅम ठेवलेलं कार्ट्रिज एका क्षणात साडेपाचावर जातं आणि खोबण खरवडू लागतं. तेच नाणं डीएल-१०३ च्या हेडशेलवर नीट चिकटवा, काउंटरवेट मागे सरकवून तोल पुन्हा साधा, भार अडीच ग्रॅमवर आणा, की तोच रुपया शास्त्रशुद्ध सुधारणा ठरतो.

भाराचा विषय निघालाच आहे, तर दुसरी श्रद्धा तपासू. भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. ऐकायला हे सज्जनपणाचं वाटतं, म्हणूनच जास्त नुकसान करतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई ला कंपनी १.८ ते २.२ ग्रॅम सांगते. काळजीपोटी कुणी सव्वा ग्रॅम ठेवतं. विलंबितात काही कळत नाही. द्रुतात आकाराची तान सुटली, की स्वराच्या कडेला फाटलेल्या कागदासारखी फरफर येते. तबल्याचा ‘ना’ टिचतो. सुई खोबणीच्या भिंतीवरून सुटते आणि परत आपटते. त्या आपटण्याने भिंतीचे टवके जातात, दोन ग्रॅमच्या स्थिर दाबाने नव्हे. कंपनीच्या पट्ट्यात मध्याच्या थोडं वर राहणं हीच रेकॉर्डवरची खरी माया.

तिसरा दावा पिनेच्या आकाराचा. गोल टोकापेक्षा लंबगोल चांगलं, लंबगोलापेक्षा मायक्रोलाइन किंवा शिबाता. जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी १९७० च्या दशकात चार वाहिन्यांच्या तबकड्यांसाठी हा आकार काढला, कारण तिथे श्रवणमर्यादेच्याही वरचे संकेत वाचायचे होते. कोऱ्या, स्वच्छ, स्टिरिओ तबकडीवर बारीक टोक जास्त वाचतं, यात वाद नाही. पण चोर बाजारातून किंवा आजोळच्या कपाटातून आलेली एलपी कोरी नसते. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजच्या जड पिनेने तिच्या भिंतीचा एक पट्टा आधीच घासून गेलेला असतो. बारीक टोक कधी त्या पट्ट्याच्या बाहेरची अस्पर्श भिंत गाठतं आणि गाणं नवं वाटतं. कधी ते जखमेच्या तळाशी जाऊन सगळी चरचर वर काढतं, आणि साधं गोल टोक त्यावरून शांतपणे निघून जातं. तबकडी वाजवून पाहिल्याशिवाय याचा निकाल लागत नाही.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा तर प्रश्नच वेगळा. आपल्याकडे त्या फार उशिरापर्यंत निघत राहिल्या; बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर आली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जपलेला बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ यांचा ठेवा बहुतांशी याच तबकड्यांवर आहे. त्यांची खोबण रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. स्टिरिओ एलपीचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास. ते रुंद खोबणीच्या तळाशी लोळतं आणि गाण्याऐवजी धूळ वाचतं. मग घरातला तरुण म्हणतो, जुन्या रेकॉर्डमध्ये खरखरच असते. खरखर थोडी असतेच, पण बरीचशी चुकीच्या पिनेची असते. व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीवर गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता आणि ७८ ची एसपी अशा पिना बदलता येतात. एसपी लावली की भार ५ ग्रॅम करायला मात्र विसरू नये.

आता आर्मच्या भूमितीकडे वळू. फिरत्या आर्मची सुई तबकडीवर दोनच ठिकाणी खोबणीला अचूक स्पर्शरेषेत येते. आर्मच्या मांडणीच्या दोन प्रचलित हिशेबांपैकी बेअरवाल्डच्या हिशेबात हे बिंदू केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर पडतात, स्टिव्हन्सनच्या हिशेबात ६०.३ आणि ११७.४ वर. टेक्निक्सची मूळ मांडणी, म्हणजे सुईचं टोक हेडशेलच्या वायसरपासून ५२ मिलिमीटरवर ठेवण्याची, या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. पहिल्या पंथाचे लोक बेअरवाल्डचा कागद आणतात आणि ‘कंपनीची चूक’ दुरुस्त करतात. पाश्चात्त्य पॉप गाण्यांसाठी ते ठीकही असेल. पण आपल्या ख्यालाची एलपी पाहा. बाहेरच्या कडेला विलंबित, आणि द्रुताच्या ताना थेट लेबलाच्या तोंडाशी. बाहेर सुईखालून खोबण सेकंदाला ५० सेंटीमीटर वेगाने सरकते, आत जेमतेम २१. सगळ्यात दाट गाणं सगळ्यात कमी जागेत कोंबलेलं असतं. तिथेच अचूकता ठेवणारी मांडणी ख्याल ऐकणाऱ्यासाठी दोष कशी? मधल्या भागात थोडी जास्त विकृती पत्करून शेवटची तान वाचवणं हा आपल्या संगीतासाठी शहाणा सौदा आहे.

वायर बदलण्याच्या हौसेबद्दल थोडक्यात. व्हीएम९५ई च्या गुंडाळीचाच रोध ४८५ ओहम आहे. आर्ममधल्या वायरचा एखाद-दुसरा ओहम वाचवून त्यात काय फरक पडणार? उलट नव्या केबलने कपॅसिटन्स वाढला आणि एकूण आकडा कंपनीने सांगितलेल्या १०० ते २०० पिकोफॅरडच्या बाहेर गेला, तर वरच्या स्वरांचा तोल नक्की बिघडतो. खाडीकाठच्या दमट हवेत खरा शत्रू वेगळाच असतो. हेडशेलच्या आणि कार्ट्रिजच्या वायर जोडण्याच्या चार पिना काळवंडतात, हिरव्या पडतात, आणि एका बाजूचा आवाज येईनासा होतो. पांढरी, निळी, लाल, हिरवी या चार वायरी चिमट्याने हळूच काढून, पिना पुसून पुन्हा बसवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसऱ्या पंथाचं, म्हणजे हात न लावणाऱ्यांचं, खंडनही इथेच होतं. रबराचं बूच वयाने कडक होतं. तीस वर्षं डब्यात पडून राहिलेलं ‘न वापरलेलं’ कार्ट्रिज नवं नसतं. रेगाच्या आरबी३०० सारख्या नामांकित आर्मलाही उंची बदलायची सोय नाही. कार्ट्रिज उंच असेल तर आर्मखाली चकती घालावीच लागते. निर्मात्याने एका विशिष्ट कार्ट्रिजसाठी केलेली मांडणी दुसऱ्या कार्ट्रिजला लागू पडत नाही. जैसे थे ठेवणं म्हणजे निष्ठा नव्हे.

आक्षेप येईल: आकडे राहू द्या, कानाला बरं वाटतं तेच खरं. मान्य. पण कान फसतो कुठे, तेही पाहा. टूएम रेडचं आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, व्हीएम९५ई चं ४. दुकानात एकाच व्हॉल्यूमवर लागोपाठ लावलं तर रेड जवळजवळ तीन डेसिबल मोठं वाजतं, आणि मोठं वाजतं ते भरीव वाटतं. आवाज समान करून ऐकलं नाही, तर निवड कानाने केलेली नसते, आउटपुटने केलेली असते.

तेव्हा माझा पक्ष असा. क्रम ठरवा: आधी तबकड्या, मग पिनेचा आकार, मग त्या आकाराचं कार्ट्रिज, मग त्याला आर्मचं वजन जुळवणं. मॉडिफिकेशन जरूर करा, पण ते परत पूर्ववत करता येईल असं हवं, त्याने बदललेली एक गोष्ट मोजता यायला हवी आणि एका वेळी एकच हवं. ज्याच्याकडे दोन-तीनशे जुन्या ख्यालाच्या एलपी आणि पंचवीस-तीस ७८ आहेत, त्याने महागड्या एका कार्ट्रिजऐवजी एक मध्यम बॉडी, दोन-तीन पिना आणि दुसरं एक हेडशेल घ्यावं. त्याला त्याच पैशात जास्त गाणं ऐकू येईल. भार मोजण्याचा छोटा काटा, मांडणीचा छापील कागद आणि भिंग या तीन वस्तू अजून घरात नसतील, तर नव्या कार्ट्रिजची खरेदी पुढच्या महिन्यावर टाका.